ज्यांना आपण सरसकट ‘इंग्रज’ म्हटलं

साताऱ्याला नेमणुकीवर असताना मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करणारा जेम्स ग्रँट डफ हा बान्फ गावचा. पेशवाई बुडाल्यावर इथल्या कारभाराची नवी घडी बसवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डंबार्टनचा. ज्याच्या नावानं महाबळेश्वरात माल्कमपेठ वसली तो जॉन माल्कम लँगहोमजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन लॉडरचे. शाळेच्या पुस्तकात हे चौघेही ‘इंग्रज’ म्हणून भेटतात. प्रत्यक्षात चौघांतला एकही इंग्लंडचा नाही. चौघेही स्कॉटिश.

मराठीत ‘इंग्रज’ हा शब्द राज्यकर्त्यांसाठी एकदा रुळला तो रुळलाच, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा नाही. पण आजच्या एखाद्या स्कॉटिश माणसाला चुकून इंग्लिश म्हणून बघा. कोल्हापूरकराला ‘तुम्ही पुण्याचेच ना?’ असं विचारल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं, तेच उमटेल.

आधी नकाशा मनात नीट बसवू. ब्रिटन हे एक मोठं बेट. त्याचा दक्षिणेकडचा मोठा भाग इंग्लंड, पश्चिमेला वेल्स आणि उत्तरेचा साधारण तिसरा हिस्सा स्कॉटलंड. या तिघांत उत्तर आयर्लंड मिळवलं की ‘युनायटेड किंग्डम’ होतं. स्कॉटलंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ५४ लाख भरली, म्हणजे आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याहूनही कमी.

आता या नकाशावर आणखी एक तिरकी रेघ ओढा. रेघेच्या वायव्येला डोंगर, दऱ्या, लांबलचक तळी आणि बेटं. हा हायलँड, म्हणजे डोंगरी मुलूख. इथे गेलिक भाषा आणि कुळांचं राज्य. रेघेच्या आग्नेयेला सखल, पिकाऊ जमीन. हा लोलँड. इथे शहरं, बाजारपेठा, न्यायालयं, विद्यापीठं, आणि भाषा इंग्रजीच्या नात्यातली. आज स्कॉटलंड म्हटलं की पुरुषांचा निऱ्यांचा किल्ट, चौकड्यांचं टार्टन कापड, बॅगपाइप, कुळांची नावं असं जे डोळ्यांपुढे येतं, ते जवळपास सगळं हायलँडचं आहे. आणि लोलँडमधली माणसं शेकडो वर्षं याच हायलँडवाल्यांना गुरंचोर आणि रानटी समजत आली होती. ज्यांच्याकडे पाहून नाक मुरडायचं त्यांचाच पोशाख साऱ्या राष्ट्राचा पोशाख कसा झाला? स्कॉटलंडचा इतिहास समजून घ्यायला हा प्रश्न हाताशी ठेवलेला बरा.

मुळात ‘स्कॉट’ हे नावच बाहेरून आलं. उत्तरेला पिक्ट नावाचे लोक होते. रोमन फौजा त्यांच्यापर्यंत गेल्या, भिंती बांधल्या, पण त्यांना कायमचं ताब्यात ठेवू शकल्या नाहीत. आयर्लंडमधून समुद्र ओलांडून गेलिक बोलणारे आले. रोमन त्यांना ‘स्कोटी’ म्हणत. नैर्ऋत्येला ब्रिटन लोक, आग्नेयेला जर्मन वंशाचे अँगल, आणि आठव्या शतकाच्या शेवटापासून बेटांवर नॉर्वेकडून आलेले व्हायकिंग. नवव्या शतकात, साधारण ८४३ च्या सुमारास, केनेथ मॅकअल्पिन या राजाच्या काळात पिक्ट आणि हे गेलिक लोक एका सत्तेखाली येऊ लागले असं मानतात. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं तर १४६८-६९ पर्यंत नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची होती. स्कॉटलंडच्या राजाला दिलेल्या मुलीच्या हुंड्याची रक्कम त्यानं भरायची होती, रोकड जमेना म्हणून बेटं गहाण टाकली, आणि ती सोडवायची राहून गेली. हुंड्यापायी घर गहाण टाकल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. इथे द्वीपसमूह गेले.

खरं महाभारत सुरू झालं १२८६ मध्ये. वादळी रात्री घोड्यावरून राणीकडे निघालेला राजा तिसरा अलेक्झांडर कड्यावरून कोसळून मेला. मागे वारस म्हणून नॉर्वेत असलेली लहानगी नात. तीही १२९० मध्ये वाटेतच वारली. गादीवर डझनभर दावेदार उभे राहिले. निवाडा करायला शेजारच्या इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला बोलावलं. भाऊबंदकीत तिऱ्हाइताला पंच केलं की तो घरातच मुक्काम ठोकतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. एडवर्डनं जॉन बॅलिओलला गादीवर बसवलं, त्याला मांडलिकासारखं वागवलं, आणि त्यानं मान वर करताच १२९६ मध्ये स्वारी केली. जाताना त्यानं एक दगड उचलून नेला.

या दगडाजवळ थोडं थांबू. साधा वालुकाश्म, आयताकृती, वजन सुमारे १५२ किलो, दोन टोकांना लोखंडी कड्या. दिसायला अगदी सामान्य. पण स्कोन इथल्या मठात स्कॉटलंडच्या राजांना याच दगडावर बसवून राजा केलं जाई. एडवर्डनं तो लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबी या मोठ्या चर्चमध्ये नेऊन राज्याभिषेकाच्या लाकडी खुर्चीखाली बसवला. म्हणजे इंग्लंडचा राजा आपोआप स्कॉटलंडच्या गादीवरही बसला, असा त्याचा अर्थ. साडेसहाशे वर्षं दगड तिथेच होता. मग १९५० च्या नाताळच्या पहाटे ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी ॲबीत शिरून तो पळवला. ओढताना त्याचे दोन तुकडे झाले. पोलिसांनी सीमा बंद केली, जंग जंग पछाडलं. दुरुस्त केलेला दगड १९५१ च्या एप्रिलमध्ये आर्ब्रोथच्या पडक्या मठात ठेवलेला सापडला. विद्यार्थ्यांवर खटला भरला गेला नाही. १९९६ मध्ये सरकारनं दगड रीतसर स्कॉटलंडला परत दिला, अट एवढीच की राज्याभिषेकाला तो लंडनला न्यायचा. त्याप्रमाणे मे २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला तो बंदोबस्तात गेला आणि परत आला. मार्च २०२४ पासून तो पर्थच्या संग्रहालयात आहे, स्कोनपासून अगदी जवळ.

एडवर्डविरुद्ध उभा राहिलेला पहिला मोठा माणूस विल्यम वॉलेस. बड्या सरदारांपैकी तो नव्हता. ११ सप्टेंबर १२९७ ला स्टर्लिंगच्या अरुंद लाकडी पुलावर इंग्रजी फौज अर्धी इकडे, अर्धी तिकडे असताना त्यानं आणि अँड्र्यू मरेनं हल्ला चढवला. पुढच्याच वर्षी फॉलकर्कला तो हरला आणि १३०५ मध्ये लंडनला हालहाल करून मारला गेला. ‘ब्रेव्हहार्ट’ सिनेमामुळे त्याच्या अंगावर किल्ट आणि तोंडाला निळा रंग पक्का चिकटला आहे, पण ते दोन्ही त्याच्या काळातलं नाही.

त्याच्यानंतरचा रॉबर्ट ब्रूस मात्र अस्सल राजकारणी. कधी एडवर्डच्या बाजूला, कधी विरुद्ध. १३०६ मध्ये त्यानं प्रतिस्पर्धी जॉन कोमिन याला डम्फ्रीजच्या चर्चमध्ये भोसकलं, महिन्या-दीड महिन्यात स्वतःला राज्याभिषेक करून घेतला, आणि लगेच हरून परागंदा झाला. मग गनिमी काव्यानं एकेक किल्ला परत घेत २३ आणि २४ जून १३१४ ला बॅनकबर्नला दुसऱ्या एडवर्डच्या कितीतरी मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला. किल्ला घेतला की तो पाडून टाकायचा, म्हणजे शत्रूला पुन्हा ठाणं मिळत नाही, हे त्याचं धोरण. आपल्याकडे किल्ल्यांवर जीव टाकणारे राज्यकर्ते झाले. हा नेमका उलट.

१३२० मध्ये स्कॉटिश सरदारांनी पोपला लॅटिनमध्ये पत्र पाठवलं. ‘आर्ब्रोथची घोषणा’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात पोपची मनधरणी आहे, वंशावळीच्या थापा आहेत, आणि मध्येच एक धक्का देणारं वाक्य आहे: ब्रूस स्वतः जर इंग्रजांपुढे झुकला, तर आम्ही त्यालाही हाकलून दुसरा राजा करू. चौदाव्या शतकात, राजाच्याच बाजूनं लिहिलेल्या पत्रात ही भाषा. स्कॉटिश लोकांना हे पत्र इतकं प्रिय का, ते यावरून कळतं.

मधली तीनशे वर्षं भरभर ओलांडतो. १५६० मध्ये जॉन नॉक्सच्या पुढाकारानं देश प्रोटेस्टंट झाला, तोही कडक वळणाचा. १६०३ मध्ये इंग्लंडची पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि तिची गादी नात्यानं स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सकडे आली. म्हणजे इंग्लंडनं स्कॉटलंड जिंकला नाही. उलट स्कॉटलंडचा राजा लंडनला राहायला गेला. फक्त तो गेला तो जवळजवळ गेलाच. उरलेल्या बावीस वर्षांत एकदाच परत आला.

राजा एक, पण संसदा दोन, अशी शंभर वर्षं गेली. शेवटी गणित पैशानं फिरलं. १६९८ मध्ये स्कॉटलंडनं पनामाच्या संयोगभूमीवर डॅरिएन इथे आपली वसाहत काढायचं ठरवलं. दोन महासागरांमधला व्यापार आपल्या हातात येईल, असं स्वप्न. सरदारांपासून दुकानदारांपर्यंत लोकांनी त्यात पैसे घातले. प्रत्यक्षात ताप, उपासमार, स्पॅनिश वेढा, आणि शेजारच्या इंग्रजी वसाहतींना मदत न करण्याचा हुकूम. १७०० पर्यंत सगळं संपलं, सुमारे दोन हजार माणसं मेली, देशातल्या खेळत्या पैशाचा मोठा हिस्सा बुडाला. १७०७ च्या एकीकरणात इंग्लंडनं जवळपास ३,९८,००० पौंड द्यायचं कबूल केलं आणि त्यातून डॅरिएनच्या भागधारकांची भरपाई झाली. स्कॉटलंडची संसद विसर्जित झाली. एडिंबराच्या रस्त्यांवर दंगे झाले, पण मतं पडली होती.

आता ज्यांनी सह्या केल्या त्यांनी काय राखलं तेही पाहू, कारण एरवी किल्टच्या झगमगाटात हे दिसत नाही. स्वतःची कायदेपद्धती राखली, स्वतःचं चर्च राखलं, स्वतःची शिक्षणव्यवस्था राखली. आजही स्कॉटलंडची न्यायालयं वेगळी, शाळांच्या परीक्षा वेगळ्या, आणि तीन स्कॉटिश बँका स्वतःच्या नोटा छापतात. लंडनच्या एखाद्या दुकानदारानं ती नोट संशयानं उलटसुलट करून पाहिली की स्कॉटिश गिऱ्हाइकाचा पारा चढतो. माझ्या मते, तीनशे वर्षं स्वतंत्र राज्य नसताना हे लोक राष्ट्र म्हणून टिकले ते या रुक्ष गोष्टींमुळे. १६९६ च्या कायद्यानं प्रत्येक चर्च-विभागात शाळा असावी असं ठरवलं होतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोनच विद्यापीठं असताना स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन आणि एडिंबरा होती. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ, तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट एवढ्याशा देशातून एकाच शतकात कसे निघाले, याचं एक कारण तिथे आहे. शिकलेले तरुण जास्त आणि घरी नोकऱ्या कमी, म्हणून ते कंपनी सरकारच्या चाकरीत हिंदुस्थानात आले. मिशनरीही आले. माहीमची १८४७ सालची बॉम्बे स्कॉटिश शाळा त्याच प्रवाहातली.

आता डोंगरात जाऊ. ‘क्लॅन’ हा शब्द गेलिक ‘क्लान’वरून आला, अर्थ मुलंबाळं. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. पण कुळातले सगळे रक्ताचे नसत. जमीन कसणारे, आसरा घेतलेले, लढाईला हवे म्हणून ठेवलेले असे कितीतरी जण मुखियाचं आडनाव लावत. मुखिया जमीन देई आणि बदल्यात तलवार मागे. या जगातला सर्वांत मोठा गुन्हा कोणता, तर पाहुणचाराचा विश्वासघात. १३ फेब्रुवारी १६९२ ला ग्लेनको दरीत सरकारी शिपायांनी, ज्यांच्या घरी जवळपास दोन आठवडे जेवले-झोपले त्याच मॅकडोनाल्डांना पहाटे उठून कापलं. अडतीस जण मारले गेले, कित्येक बर्फात पळताना मेले. शिपायांच्या तुकडीचा प्रमुख कॅम्बेल होता. खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणजे काय, याची ही गोष्ट तिथे अजून सांगतात. दरीतल्या एका जुन्या हॉटेलच्या स्वागतकक्षावर ‘फेरीवाले आणि कॅम्बेल यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. अर्थात आता ती गमतीनं.

१७४५ मध्ये सहाव्या जेम्सच्या, पण आता पदच्युत झालेल्या स्ट्युअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स गादी परत मिळवायला आला. बऱ्याच हायलँड कुळांनी त्याला साथ दिली. ते लंडनपासून दोनशे किलोमीटरपर्यंत पोचले आणि मागे फिरले. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या दलदलीच्या माळावर तासाभराच्या आत सगळं संपलं. ही लढाई ‘स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड’ अशी रंगवतात, ते चूक आहे. सरकारी बाजूनं लोलँडचे आणि हायलँडचेही कितीतरी स्कॉट लढले. पण सूड उगवला गेला तो डोंगरावर. मुखियांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढले, हत्यारं काढली, आणि कायदा आला: फौजेबाहेरच्या पुरुषानं हायलँडचा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा पकडलं तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. (बॅगपाइपवरही बंदी होती असं सर्रास सांगतात; त्या कायद्यात पाइपचं नावही नाही.)

हा पोशाख होता तरी कसा? ज्यांनी आजीला नऊवारी नेसताना पाहिलंय त्यांना चटकन कळेल. चारेक मीटर लांबीचं, दोन पन्ने जोडून रुंद केलेलं जाड लोकरी कापड. गेलिकमध्ये ‘प्लेड’ म्हणजे घोंगडी, आणि ते होतंही तसंच. कमरपट्टा जमिनीवर पसरायचा, त्यावर कापड अंथरायचं, मधल्या भागाला हातानं निऱ्या घालायच्या, त्यावर उताणं झोपून दोन्ही पदर पोटावर आणायचे, पट्टा आवळायचा आणि उठून उभं राहायचं. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावर टाकून पिननं अडकवायचा. पावसात तोच डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. आजचा किल्ट म्हणजे यातला फक्त खालचा भाग, निऱ्या शिवून पक्क्या केलेला. त्याचं श्रेय अठराव्या शतकातल्या एका इंग्लिश लोखंड-कारखानदाराला देतात: भट्टीवरच्या मजुरांना खांद्यावरचं लोंबतं कापड अडचणीचं होई, म्हणून त्यानं ते कापून घेतलं. यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, आणि स्कॉटिश मित्रासमोर हा विषय जपून काढावा.

फौजेला सूट होती, हे महत्त्वाचं. घरी घातला तर तुरुंग, राजासाठी लढताना घातला तर गणवेश. सरकारनं हायलँडचे जवान भराभर पलटणीत भरले. त्यातल्या दोन पलटणी, चौऱ्याहत्तरावी आणि अठ्ठ्याहत्तरावी, २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या. शिंद्यांच्या तोफांनी चौऱ्याहत्तराव्या पलटणीची अशी चाळण केली की तिचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. अठ्ठ्याहत्तरावी ही रॉस-शायरच्या मॅकेंझींच्या मुलखात उभारलेली. तिच्यातल्या शिपायांचे आजे कलोडनच्या दोन्ही बाजूंना असावेत. पुढे दोन्ही पलटणींच्या बिल्ल्यावर हत्ती आला आणि त्याच्यासोबत ‘असई’ हे नाव.

पोशाखबंदी १७८२ मध्ये उठली. तोवर कुळांचा कणा मोडला होता. मुखिया आता नुसते जमीनदार झाले होते, आणि त्यांना माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना दऱ्यांमधून उठवलं, छप्परं जाळली, कोणी किनाऱ्यावर, कोणी ग्लासगोच्या गिरण्यांत, कोणी जहाजानं कॅनडाला. आज हायलँडच्या ज्या निर्जन सौंदर्याचे फोटो आपण काढतो, त्यातल्या पुष्कळ दऱ्या अशा रिकाम्या केलेल्या आहेत.

आणि नेमकं याच काळात लोलँडला हायलँडचं प्रेम आलं. आता त्या डोंगरातून कोणी तलवार घेऊन खाली येणार नव्हतं. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. १७० वर्षांत सत्तेवरचा राजा स्कॉटलंडात आलाच नव्हता. सोहळ्याची सूत्रं कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती. त्यानं सगळ्यांना टार्टन घालून यायला सांगितलं. ज्यांच्या आजोबांनी किल्टवाल्यांना पाहून दारं लावून घेतली असती, ते लोलँडचे सभ्य गृहस्थ शिंप्याकडे धावले. स्थूल राजाही लाल किल्ट घालून आला, पण उघडे पाय दिसू नयेत म्हणून आत गुलाबी तंग विजार. लोक हसले. तरी टार्टनची लाट आली ती आलीच.

‘प्रत्येक कुळाचं ठरलेलं टार्टन’ ही कल्पनाही या लाटेचीच. टार्टन म्हणजे ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच बाण्यात. म्हणून चौकडी उठते. पूर्वी ज्या भागात जो रंग आणि जो विणकर, तसं कापड. बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या मागावर कित्येक नमुने आधी नुसत्या क्रमांकानं विकले जात, मग गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणे त्यांना कुळांची नावं मिळाली. त्यात दोन भावांनी आपण राजपुत्र चार्ल्सचे नातू असल्याचं सांगत १८४२ मध्ये ‘प्राचीन’ टार्टनांचा ग्रंथ काढला. मूळ हस्तलिखित बनावट होतं. गंमत अशी की त्यातले कितीतरी नमुने आज कुळांची अधिकृत टार्टन आहेत. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे आणि तीत कोणीही आपला नमुना नोंदवू शकतो. मग हे सगळं खोटं का? मला तसं वाटत नाही. दोनशे वर्षं लग्नात आणि मयतीला जे घातलं जातं, ते एव्हाना खरं झालेलं असतं.

बाकीची चिन्हं मानानं जुनी. निळ्यावर पांढरी तिरकी फुली हा ध्वज; सेंट अँड्र्यू या संताला अशा तिरक्या क्रुसावर चढवलं अशी श्रद्धा, म्हणून ३० नोव्हेंबर हा त्याचा आणि देशाचा दिवस. निळा नेमका कोणता, हे संसदेच्या समितीनं २००३ मध्ये ठरवलं. पिवळ्यावर लाल सिंहाचा झेंडा सामन्यांत सर्रास फडकतो, पण कायद्यानं तो राजाचा. राष्ट्रीय फूल थिसल, आपल्या माळरानावरच्या उंटकटारीच्या जातकुळीतलं, जांभळं आणि काटेरी. रात्री अनवाणी येणाऱ्या व्हायकिंगाचा पाय त्यावर पडला, तो ओरडला, आणि गाव जागं झालं, ही दंतकथा. नाण्यांवर मात्र ते १४७० पासून खरोखर आहे. राष्ट्रीय प्राणी युनिकॉर्न, शिंगवाला घोडा, जो अस्तित्वातच नाही. राजचिन्हात त्याला सोन्याच्या साखळीनं बांधलंय. शेजारी इंग्लंडचा सिंह. स्कॉटलंडमध्ये वापरतात त्या राजचिन्हात दोघांच्या जागा बदलतात, युनिकॉर्नला मानाची बाजू मिळते आणि डोक्यावर मुकुटही.

भाषा तीन. इंग्रजी सगळ्यांना येते. गेलिक काही ना काही येणारे २०२२ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार. आणि लोलँडची ‘स्कॉट्स’, जी सुमारे १५ लाख लोक बोलतो म्हणतात. मुलाला ‘बेर्न’, चर्चला ‘कर्क’, छोट्याला ‘वी’. ही स्वतंत्र भाषा की इंग्रजीची बोली, हा वाद मराठी-कोकणीचा वाद ऐकलेल्याला नवा वाटणार नाही. २०२५ च्या कायद्यानं गेलिक आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा दिला.

स्कॉट्समध्ये लिहिणारा सर्वांत लाडका कवी रॉबर्ट बर्न्स, १७५९ चा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वाढदिवसाला, २५ जानेवारीला, जगभरचे स्कॉट जेवायला जमतात. ताटात हॅगिस: मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून ओट, कांदा, चरबी आणि मिरपुडीसह तिच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडलेलं. वजडी खाणाऱ्यानं नाक मुरडायचं कारण नाही. मिरी चांगली जाणवते. सोबत सलगम आणि बटाट्याचा लगदा. हॅगिस ताटात येतो तो पाइपच्या सुरात, सगळे उठून उभे. मग एक जण बर्न्सनं हॅगिसवर रचलेली कविता म्हणतो, सुरी पुसण्याची ओळ आली की खरोखर सुरी पुसतो, आणि पुढच्या ओळीला ती खुपसतो. वाफ उसळते, टाळ्या पडतात, व्हिस्कीचे पेले वर जातात. व्हिस्की हा शब्दही गेलिकमधल्या ‘जीवनजल’ या अर्थाच्या शब्दावरून. तिचा पहिला लेखी उल्लेख १४९४ चा, राजाच्या हिशेबवहीत, एका मठवासी साधूला दिलेल्या माल्टच्या नोंदीत. ‘स्कॉच’ दारूला म्हणतात. माणसांना म्हणू नये.

गोल्फही इथलाच. १४५७ मध्ये संसदेनं फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली, कारण पोरं तिरंदाजीचा सराव टाळत होती. पंचेचाळीस वर्षांनी राजा चौथा जेम्स स्वतःच गोल्फच्या काठ्या विकत घेताना सापडतो, आणि विकणारा कोण, तर पर्थचा धनुष्य बनवणारा कारागीर.

राजकारण अजून मिटलेलं नाही. ११ सप्टेंबर १९९७ ला, स्टर्लिंगच्या पुलाला बरोबर सातशे वर्षं झाली त्या दिवशी, स्वतःच्या संसदेसाठी कौल झाला आणि १९९९ मध्ये ती पुन्हा भरली. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं, ४५ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूनं. दोन वर्षांनी ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडण्याचा, कौल आला. स्कॉटलंडनं ६२ टक्के मतं युरोपात राहण्यासाठी दिली होती आणि तरी बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून स्वातंत्र्याचा विषय पुन्हा चुलीवर आहे.

तिकडे जायचं तर डिसेंबरच्या शेवटी जा. कडक चर्चला नाताळ पसंत नव्हता. १९५८ पर्यंत त्याची सार्वजनिक सुट्टीही नसे. म्हणून सगळा उत्साह ३१ डिसेंबरच्या ‘हॉगमनी’त ओतला गेला. मध्यरात्री हातांची साखळी करून बर्न्सचंच गाणं म्हणतात, आणि मग वाट पाहतात उंबरा ओलांडून येणाऱ्या पहिल्या माणसाची. तो गोऱ्या केसांचा असला तर अपशकुन. म्हणे व्हायकिंगांची आठवण. उंच, काळ्या केसांचा पुरुष हातात कोळशाचा तुकडा आणि व्हिस्की घेऊन आला तर वर्ष चांगलं जातं. काळे केस तर आपल्याकडे आहेतच. कोळसा तेवढा न्या.